गॅस्ट्रिक बँड करून घ्यावा का? क्लिनिक म्हणतं ‘कधीही काढता येतो’, पण मन तयार होत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, उंची १५८ सेंमी, वजन ९८ किलो. मुलगी पोटात असताना लागलेली शुगर चार वर्षं झाली तरी गेलेली नाही. रात्री आडवं पडलं की छातीत जळजळ. राहता इंग्लंडमध्ये, दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचा विचार आहे आणि जमलं तर त्याआधी दुसरं बाळ हवंय. तिथल्या एका खासगी क्लिनिकने गॅस्ट्रिक बँड सुचवलाय, कारण त्यात पोट कापावं लागत नाही आणि तो कधीही काढता येतो. महिनाअखेरपर्यंत आगाऊ पैसे भरायचेत, आणि सासूबाईंचं म्हणणं असं की तोंडावर ताबा ठेवला तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या टीमबरोबर बरीच वर्षं काम करते. ऑपरेशन मी करत नाही. माझ्याकडे माणसं ऑपरेशनच्या आधी येतात आणि नंतर वर्षानुवर्षं येत राहतात, त्यामुळे कुठलं ऑपरेशन पाचव्या-सातव्या वर्षी कसं वागतं ते जवळून दिसतं. त्यावरून सरळ सांगते: तुम्ही दिलेली माहिती पाहता बँड तुमच्यासाठी योग्य पर्याय वाटत नाही. वजनाच्या शस्त्रक्रियेचा विचार मात्र सोडू नका. तो तुमच्या बाबतीत अगदी रास्त आहे.

बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते त्याच्या जरा खाली बसवलेलं सिलिकॉनचं कडं. त्याच्या आतल्या बाजूला फुगवता येणारी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघून पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीपर्यंत येते, तिला पोर्ट म्हणतात. पोर्टमधून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, जठर कापलं जात नाही, आतडं जोडलं जात नाही, जिवाचा धोका या सगळ्या ऑपरेशनांत सर्वांत कमी. क्लिनिकने हे सांगितलं असेल तर ते खरंच आहे.

पण बँडचं काम ऑपरेशनच्या दिवशी संपत नाही, तिथून सुरू होतं. साधारण महिना-दीड महिन्याने पहिल्यांदा भरतात. टेबलावर आडवं झोपवून सर्जन बोटांनी पोर्ट चाचपतो, खास सुई घालून थोडंसं सलाइन सोडतो, मग उठून बसायला सांगून पेलाभर पाणी प्यायला देतो. पाणी सरळ उतरलं तर ठीक. छातीत थांबल्यासारखं वाटलं किंवा परत वर आलं तर भरलेलं थोडं काढून घेतो. असं पहिल्या वर्षी बऱ्याचदा करावं लागतं, पुढेही अधूनमधून. कडं सैल राहिलं तर भूक पहिल्यासारखीच लागते. जास्त आवळलं तर घास अडकतो. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते आणि ती सरकतही राहते. म्हणून बँड घेताना खरा प्रश्न ‘ऑपरेशन कोण करणार’ एवढाच नसतो. पुढची दहा वर्षं ही सुई कोण धरणार, हाही असतो. तुमच्या बाबतीत इथेच पहिली अडचण आहे. भारतात आता बँड फारच क्वचित बसवले जातात, जवळजवळ सगळं काम स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) आणि बायपास (अन्न जठराचा बहुतेक भाग आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाईल अशी जोडणी) यांचं चालतं. पुण्यात परतल्यावर दुसऱ्याने बसवलेला बँड नियमितपणे सांभाळणारा सर्जन शोधत फिरावं लागेल.

परदेशात बँड बसवून इकडे परतलेल्या एका बाईंचं उदाहरण देते, ओळख पटेल असं काही न सांगता. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार अशी की रोज उलटी होते, तरी वजन वाढतंय. घरच्यांना वाटायचं की त्या चोरून खातात. मी त्यांना आठवडाभर जे पोटात जाईल ते सगळं लिहायला सांगितलं. वहीत काय होतं? सकाळी चहात बुडवून बिस्किटं. दुपारी पोळीचा पहिला घास अडकला म्हणून ताट बाजूला, मग तासाभराने ताक आणि दोन चमचे शिरा. संध्याकाळी आइस्क्रीम, कारण ते घशाखाली नीट उतरतं. रात्री खीर, नाहीतर श्रीखंड. पोळी नाही, भाकरी नाही, पालेभाजी नाही, उसळ नाही, चिकन तर लांबच राहिलं. कडं जास्त आवळलेलं होतं आणि पुन्हा सैल करून देणारं कोणी भेटलं नव्हतं. चावून खायचं अन्न अडायचं आणि गोड, मऊ, पातळ सगळं सुरळीत खाली जायचं. यात त्यांचा लोभ कुठे होता? जे उतरतं ते माणूस खातो. आमच्या सर्जनांनी पोर्टमधून सलाइन काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की पोळी-भाजी खाल्ली, बसून, शेवटच्या घासापर्यंत. पुढे तो बँड काढावाच लागला.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की तुमचं खाणं मुख्यतः रात्री मुलगी झोपल्यावर होतं, आणि त्यात चॉकलेट, आइस्क्रीम आणि गोड बिस्किटंच असतात. बँड अशा खाण्याला अडवत नाही. तो भाकरीला अडवतो, आइस्क्रीमला वाट देतो. आपल्या जेवणात पोळी, भाकरी आणि चिकटसर भात हेच मुख्य, आणि बँडवाल्यांना सर्वांत जास्त त्रास नेमका याच तिघांचा होतो. घास नखाएवढा घ्यायचा, अगदी पीठ होईपर्यंत चावायचा, मग थोडं थांबायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपवायचं. हे जमणारी माणसं आहेत आणि ती बँडवर छान राहतात. पण चार वर्षांच्या मुलीला भरवत, फोन घेत, उभ्याउभ्या जेवणाऱ्या आईला हे रोज तिन्ही वेळा जमणं किती अवघड आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता आकड्यांकडे. ब्रिटनमध्येच १२ रुग्णालयांत १,३४६ जणांवर बँड, स्लीव्ह आणि बायपास या तीन शस्त्रक्रियांची समोरासमोर तुलना करणारा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. कोणाला कुठली शस्त्रक्रिया हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना निखळ आहे. तीन वर्षांनी, जादा वजनापैकी निम्मं किंवा त्याहून अधिक उतरवलेले लोक बायपासमध्ये ६८ टक्के होते, स्लीव्हमध्ये ४१ टक्के आणि बँडमध्ये २५ टक्के. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ म्हणजे ६२ किलोच्या आसपास, म्हणजे जादा वजन साधारण ३६ किलो आणि त्याचं निम्मं १८. ९८ वरून ८० वर येऊन तिथे टिकायचं, तर बँडमध्ये ते चौघांतल्या एकाला साधलं, बायपासमध्ये तिघांतल्या दोघांना.

दुसरा आकडा अमेरिकेतला. तिथे २००१ मध्ये बँडला मान्यता मिळाली आणि २०११ पर्यंत वजनाच्या दर तीन शस्त्रक्रियांमागे एक बँडची असे. २०१९ पर्यंत ते प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं. कारण दुरुस्त्या. कडं जागेवरून घसरतं, कड्याच्या वरचा जठराचा भाग फुगतो, नळी गळते, पोर्ट उलटतं, कधी कधी कडं हळूहळू जठराच्या भिंतीत रुततं. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेतल्या २५,०४२ बँडधारकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यात साडेअठरा टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, आणि ज्यांना लागलं त्यांना सरासरी जवळपास चार वेळा. ‘कधीही काढता येतो’ हे वाक्य खरं आहे, पण काढणं हेही एक ऑपरेशनच असतं. काढल्यावर बहुतेकांचं वजन परत येतं आणि कड्याभोवती तयार झालेल्या वणामुळे पुढचं स्लीव्ह किंवा बायपास जास्त किचकट होतं. काढता येणं ही सोय तुमच्या मनाला धीर देतेय हे मला समजतं. फक्त ती सोय वापरायची वेळ म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हेही जमेस धरा.

छातीतली जळजळ तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरती लिहिलीय. माझ्या दृष्टीने ती वरती यायला हवी होती. बँडने अन्ननलिकेच्या तोंडाशीच अडथळा तयार होतो. आधीच आम्लपित्त वर येत असेल तर सुरुवातीला काहींना बरं वाटतं, पण पुढे त्रास वाढण्याची आणि अन्ननलिका सैल पडण्याची भीती राहते. स्लीव्हमध्येही जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये ती सहसा कमी होते. म्हणून कुठल्याही ऑपरेशनच्या आधी एंडोस्कोपी करून घ्या. क्लिनिकने ती न करता बँड सुचवला असेल, तर एवढ्यावरच मी दुसरं मत घ्यायला सांगेन.

शुगरबद्दल क्लिनिकने तुम्हाला बहुधा २००८ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास दाखवला असेल. बँडवाल्यांपैकी ७३ टक्के लोकांची शुगर दोन वर्षांत औषधांशिवाय आटोक्यात आली, नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांपैकी १३ टक्क्यांची. अभ्यास खरा आहे, चांगलाही आहे. पण त्यात होते फक्त ६० लोक, सगळ्यांचा मधुमेह दोन वर्षांच्या आतला, आणि बँड सांभाळण्यात मुरलेल्या टीमच्या सतत देखरेखीखालचे. बँडमध्ये शुगर सुधारते ती वजन उतरल्यामुळे. बायपासमध्ये वजन हलायच्या आधीच, काही दिवसांत सुधारायला लागते, कारण अन्न जठराचा बहुतेक भाग आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं आणि आतड्यातली संप्रेरकं बदलतात. चार वर्षांच्या मधुमेहात हा फरक मोठा आहे. मधुमेह जितका जुना होत जातो तितका तो मागे हटण्याची शक्यता कमी होते, त्यामुळे दोन-तीन वर्षं बँडवर घालवून मग बायपासकडे वळण्यात तुमचं नुकसान आहे.

बाळाच्या मुद्द्यावर मात्र बँडच्या बाजूने बोलायला हवं. गरोदरपणात कडं सैल करता येतं, जीवनसत्त्वांची कमतरता तुलनेने कमी होते, आणि ३६ व्या वर्षी घड्याळाकडे लक्ष जाणारच. स्लीव्ह किंवा बायपासनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, वजन उतरून स्थिर होईपर्यंत. दुसरी बाजू अशी की पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्यांनी बँड घसरू शकतो, आणि अनियंत्रित शुगरमध्ये गर्भधारणा बाळासाठी बँडपेक्षा कितीतरी जास्त धोक्याची. बाळाचा निर्णय शुगरवरच जास्त अवलंबून आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी पाहा. आणि एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही: वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते आणि अपेक्षेआधी दिवस जाऊ शकतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, दुसरं साधन लागतं. ऑपरेशनआधी हे सर्जनशी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला, नवऱ्यालाही बरोबर न्या.

स्लीव्ह आणि बायपास म्हणजे हलकी ऑपरेशनं नव्हेत. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढतात. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं आणि दरवर्षी रक्त तपासावं लागतं. शाकाहारी असाल तर बी-१२ ची कमतरता आधीपासूनच असू शकते. गोड जास्त खाल्लं तर बायपासवाल्यांना घाम, धडधड, जुलाब होतात. रात्रीच्या आइस्क्रीमची सवय असलेल्या काहींना याने मदत होते, काहींना नाही. ज्या कारणाने तो डबा उघडला जातो ते कारण कुठलंच ऑपरेशन काढून टाकत नाही. रात्री ती एकच वेळ तुमची स्वतःची असते असं तुम्ही लिहिलंय. त्यावर समुपदेशकाशी बोलायला हवं आणि ते ऑपरेशनच्या आधी सुरू व्हायला हवं.

औषधांचाही विचार यात आला. आठवड्याला एक इंजेक्शन असलेलं सेमाग्लुटाइड चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरवतं, टिर्झेपाटाइड वरच्या डोसला २० टक्क्यांच्या आसपास. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हे प्रमाण काहीसं कमी राहतं. बँडने मिळतं त्याच्या तोडीचं हे आहे, तेही कडं न बसवता. पण थांबवलं की उतरलेल्यातलं बरंचसं परत येतं आणि बाळासाठी प्रयत्न करायच्या आधी ही औषधं बंद करावी लागतात. तरीही ऑपरेशनपर्यंतचा काळ निभवायला ती उपयोगी पडू शकतात, डॉक्टरांना विचारा.

एका गोष्टीने मला वाईट वाटलं. खिशातले पैसे भरायला निघालात, पण एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरांना तुम्ही अजून विचारलेलंच नाही. तिथल्या मार्गदर्शक नियमांत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची मर्यादा अडीचने कमी धरतात, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. तुमचा बीएमआय ३९ च्या थोडा वर येतो. सर्वसाधारण मर्यादा ४०, आपल्यासाठी साडेसदतीस, म्हणजे शुगर सोडून दिली तरी तुम्ही त्यात बसता. शिवाय मधुमेहाचं निदान गेल्या दहा वर्षांतलं असेल तर शस्त्रक्रियेसाठी लवकर तपासणी करावी, असंही त्या नियमांत आहे. प्रतीक्षा लांब असते हे खरं, काही भागांत फारच लांब. पण त्या वाटेवर सर्जन, मधुमेहाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ असे सगळे मिळून तुमच्याकडे बघतात आणि तिन्ही शस्त्रक्रियांची तुलना करून सांगतात. खासगी क्लिनिकने बँडच का सुचवला, हे विचारा. तिथे बायपास करतात का, हेही विचारा. पॅकेजमध्ये सलाइन भरणं किती वर्षं धरलंय, रात्री दोन वाजता पाणीसुद्धा उतरेनासं झालं तर फोन कोण उचलणार, कडं काढायचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. आणीबाणीत सरकारी रुग्णालय बघेलच, पण खासगीत बसवलेल्या बँडच्या नेहमीच्या ॲडजस्टमेंट ते साधारणपणे करत नाहीत.

पुण्याला येऊन करायचं म्हटलं तर इथे स्लीव्ह-बायपासचा अनुभव भरपूर आहे. विमा मात्र नीट वाचा. आपल्याकडच्या पॉलिसीत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार, अशी अट असते आणि पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षाकाळही. ऑपरेशन करून पंधरा दिवसांत विमानाने परत जायचं, असं मात्र करू नका. पहिल्या वर्षाचा फॉलो-अप जिथे होणार, ऑपरेशन तिथेच करावं.

मग बँड कोणासाठी? जळजळ नाही, मधुमेह नाही किंवा अगदी नवा आहे, बीएमआय पस्तिशीच्या आसपास आहे, क्लिनिक तासाभराच्या अंतरावर आहे, गाव सोडायचं नाही आणि जठर कापायला मन अजिबात राजी नाही, अशा माणसाने सगळं समजून घेतला तर माझी हरकत नाही. आणि हे उत्तर वाचणाऱ्या कोणाला आधीच बँड असेल, वजन टिकून असेल, जेवण सुखाने होत असेल, तर माझं वाचून घाबरून काढायला जाऊ नका. वर्षातून एकदा दाखवत राहा.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. तुम्ही दोनदा २० किलो उतरवलंत आणि दोन्ही वेळा ते परत आलं, असं तुम्हीच लिहिलंय. हा ताब्याचा अभाव नव्हे. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, खर्च होणारी ऊर्जा कमी करतं आणि जुन्या वजनाकडे ओढत नेतं. वर्षानुवर्षं त्या ओढीशी एकट्याने झगडणाऱ्या बाईला ‘तोंड आवर’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना पटवण्यात आत्ता शक्ती घालवू नका. मुलीला सांभाळायला ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे कोणीतरी लागेल, शक्य असेल तर त्यासाठी त्यांना बोलवा. आईचा हात घरात लागतोच.

या आठवड्यात एवढं करा: आगाऊ पैसे भरू नका, मुदत गेली तर जाऊ द्या. तुमच्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन ‘मधुमेह चार वर्षांचा, बीएमआय ३९, दक्षिण आशियाई, मला शस्त्रक्रियेसाठी तपासणी हवी आहे’ असं स्पष्ट म्हणा. एचबीए१सी, बी-१२, डी, लोह आणि थायरॉइड एकाच वेळी करून घ्या, जळजळीसाठी एंडोस्कोपीची चिठ्ठी मागा. रिपोर्ट हातात आले की आकडे इथेच खाली लिहा, काय खायचं आणि काय विचारायचं ते त्यावरून सांगते.